बुटकीला झेपेल का?

ट्रकअड्ड्याच्या मागच्या गल्लीत, टायरवाला आणि ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे ठोकणारा यांच्या मधोमध एक खोली होती. दहा बाय बारा असेल नसेल. दारावर पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. इंजिनाचा डिझेल पंप कुठं नीट करून मिळेल म्हणून कुणी विचारलं, तर अड्ड्यावरचा कुठलाही ड्रायव्हर नुसती हनुवटी वळवायचा आणि म्हणायचा, "ते काय, वहिनींकडे." वहिनी नक्की कुणाच्या, हे विचारण्याची वेळ कुणावर आली नाही. तीस-बत्तीस वर्षं त्या सगळ्या अड्ड्याच्याच वहिनी होत्या.

हे काम त्यांच्या माहेरचं नव्हतं आणि नवऱ्याचंही नव्हतं. नवरा शाळेत लिपिक. स्वभावानं इतका मऊ की पेन्सिलला टोक काढतानाही तिला लागेल की काय अशा बेतानं काढायचा. धंदा सासऱ्यांचा. त्यांना घरात आणि अड्ड्यावर सगळे दादा म्हणत. लग्नानंतर पहिल्या वर्षी वहिनी दुपारी दादांचा डबा घेऊन जात आणि ते जेवेपर्यंत दाराशी स्टुलावर बसून राहत. बसून बसून किती बसणार? एक दिवस त्यांनी ट्रेमधली, इंजिनात डिझेल फवारणारी नोझलं डिझेलमध्ये धुवायला घेतली. दादांनी घास तोंडात तसाच ठेवून पाहिलं. आठवडाभरानं म्हणाले, "धुतेस तर चांगलं. आता कुठलं धुण्याच्या लायकीचं आणि कुठलं फेकण्याच्या, तेही शिकून घे."

मग त्या शिकल्या. नोझल हातपंपाला लावून दांडा दाबायचा. तोंडातून डिझेल धुक्यासारखं फेकलं गेलं तर ठीक; धार लागली किंवा शेवटी थेंब लोंबकळला तर बाद. हे त्यांना महिनाभरात जमलं. पंपाला मात्र तीन वर्षं लागली. खोलीच्या एका भिंतीला मोठं यंत्र होतं. त्यावर पंप बसवून फिरवला की समोरच्या काचेच्या नळ्यांमध्ये डिझेल चढत जायचं. इंजिनाचे चार सिलिंडर असतील तर चार नळ्या, सहाला सहा. चारही नळ्यांत पातळी एकसारखी आली पाहिजे, आणि त्या इंजिनाला जेवढी ठरलेली तेवढीच आली पाहिजे. कमी आली तर इंजिन मरगळतं, जास्त आली तर काळा धूर ओकतं आणि आतून जळत जातं. पातळी जुळली की दादा डिझेल वाढवण्याच्या स्क्रूवर तार ओवून शिशाचं सील दाबायचे. सीलवर त्यांची खूण होती, अर्धा चंद्र. मग स्क्रूला कुणी हात लावायचा नाही.

"भूक असते तेवढं वाढावं," दादा म्हणायचे. "इंजिन काय नि जावई काय, आग्रह केला की बिघडलंच."

सुनेच्या हातालाही डिझेलचा वास यायला लागला तेव्हा सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, नंतर लिंबाची साल आणून दिली आणि शेवटी सवय करून घेतली. वहिनींना मात्र तो वास आवडायचा. पुढं कितीतरी वर्षांनी, खोली बंद झाल्यावर, नातीनं विचारलं होतं, "आजी, तुला तरुणपणातलं काय आठवतं?" त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "सकाळी कुलूप काढल्यावर येणारा वास." नातीला वाटलं, आजी थट्टा करतेय.

दादांचा धाकटा मुलगा, म्हणजे वहिनींचे भावोजी, ट्रक चालवत. बोलण्यात मोठे, मनानं त्याहून मोठे, आणि धीर म्हणाल तर चहा गार होईपर्यंतही नाही. जीभ भाजून घेणारच. त्यांच्याकडे एक लहान ट्रक होता, चार सिलिंडरचा. त्याचं इंजिन आखूड आणि जाडजूड, म्हणून नाव पडलं बुटकी. बुटकीनं अकरा वर्षं त्यांना साथ दिली. भाजी वाहिली, फर्निचर वाहिलं, बदली झालेल्या साहेबांचे संसार वाहिले. लग्नानंतर जाऊबाई घरी आल्या त्याही त्याच केबिनमध्ये बसून, मांडीवर आरसा धरून, कारण मागं ठेवला तर फुटेल अशी भीती. बुटकीचा पंप दादांनी स्वतः बसवला होता. त्यानंतर वर्षभरातच दादांचा उजवा हात थरथरायला लागला आणि सील दाबण्याचं काम सुनेकडे आलं. तेव्हा बुटकीच्या पंपावरचा अर्धा चंद्र हा दादांच्या हातच्या शेवटच्या काही खुणांपैकी एक.

अकरा वर्षांनी ट्रकचा सांगाडा गंजून गेला. फळ्या कुजल्या, केबिनच्या तळातून रस्ता दिसायला लागला. इंजिन मात्र ठणठणीत. हँडल अर्धं फिरवलं की सुरू व्हायचं.

त्याच सुमारास डोंगरावर नवा रस्ता होत होता आणि खालच्या खाणीतून वर खडी न्यायला मोठे ट्रक हवे होते. एक दिवस भावोजी खोलीत आले ते उड्या मारतच.

"वहिनी, ट्रक मिळाला! मोठा! सोळा टनी! मालाचा डबा, गिअर, मागचा धुरा, सगळं धड."

"आणि इंजिन?"

"इंजिन नाही."

"म्हणजे नवरदेव आहे, फक्त डोकं नाही."

"डोकं आहे ना आपल्याकडे! बुटकी बसवायची."

वहिनींच्या हातातला पाना थांबला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर दादा बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून ते काम करत नसत, पण रोज येऊन बसत. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

"भावोजी, बुटकी पाच टनांची धनीण. तिच्या डोक्यावर सोळा टन?"

"गिअर मोठ्या ट्रकचे आहेत ना! हळू जाईल, पण जाईल. मी काय शर्यत लावणार आहे? तुम्ही फक्त एक करा. तो स्क्रू दोन आटे सोडा. थोडं डिझेल जास्त जाऊ दे, बघा कशी हत्तीण होते."

"त्यावर दादांचं सील आहे."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. परक्याकडे जाऊन तोडू?"

वहिनींनी सासऱ्यांकडे पाहिलं. दादांनी पान उलटलं. मग पानाआडूनच म्हणाले, "सील माझं आहे. पाना तुझ्या हातात आहे. मला विचारू नकोस."

वहिनींना तेव्हा सासऱ्यांचा राग आला. एका शब्दानं काम झालं असतं. दादा नाही म्हणाले असते, तर भावोजी चार दिवस फुरंगटले असते आणि विसरले असते. आता 'नाही' म्हणायचं ते सुनेनं, तेही घरातल्या लाडक्या लेकाला. रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्याच, "करून टाक गं. त्याचं मन मोडू नकोस." नवरा मान खाली घालून जेवत राहिला. उठताना इतकंच म्हणाला, "तुला कळतं त्यातलं. आम्हा बाकीच्यांना फक्त बोलता येतं." लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यानं केलेलं ते सगळ्यात लांबलचक कौतुक होतं.

वहिनींनी आपल्या परीनं हिशेब मांडून पाहिला. मुलाची पाटी घेतली. जुना ट्रक भरलेला पाच टन, नवा भरलेला सोळा. म्हणजे वजन तिप्पट, इंजिन तेच. ताकद तेवढीच असेल तर चढावर वेग तिसरा हिस्सा. घाट नऊ किलोमीटर. जुन्या ट्रकला वीस-बावीस मिनिटं लागत. आता तास-सव्वा तास, आणि तोही सबंध वेळ छाती फुटेस्तोवर. माणूसही जिना धावत चढतो. पण त्याला तासभर जिनाच चढायला लावला तर? हे पाटीवर स्पष्ट दिसत होतं. तरी पाटी दाखवून भावोजींचं समाधान होणार नव्हतं. ते म्हणाले असते, पाटीला चाकं नसतात.

सकाळी वहिनी म्हणाल्या, "बसवा बुटकी. सील मी तोडणार नाही. आधी आहे तशी चालवून बघू. अर्धाच माल भरायचा. आणि मी बरोबर येणार."

"तुम्ही? घाटात?"

"का, रस्ता पुरुषांचा आहे?"

इंजिन बसवायला पंधरा दिवस गेले. इंजिन टेकतं ते पाये बदलावे लागले, पंखा पुढं सरकवावा लागला. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालणारे, म्हणून बुटकीला हवेचा एक छोटा पंप जोडून दिला. मोठ्या बॉनेटखाली बुटकी बसली तेव्हा भोवती एवढी मोकळी जागा उरली की टायरवाला म्हणाला, "उरलेल्या जागेत भाडेकरू ठेवा."

रविवारी सकाळी खाणीत अर्धा ट्रक खडी भरली. केबिनमध्ये भावोजी, शेजारी वहिनी. पदर खोचलेला, पायाशी पाण्याचे दोन डबे आणि चाकांना लावायच्या लाकडी ठोकळ्यांची पिशवी. भावोजी हसले, "सहलीला निघाल्यासारखी तयारी केलीत." सपाटीवर बुटकी छान पळाली. आवाज ओळखीचा, तोच टणटणीत. वहिनींना बरं वाटलं. आपण उगाच शंका घेतली, असंही एकदा मनात आलं.

घाट लागला आणि चौथा गिअर गेला, मग तिसराही. दुसऱ्यावर ट्रक चढत राहिला. एक दूधवाला सायकलवर उभं राहून पेडल मारत चढत होता. काही वेळ तो बरोबरीनं चालला, मग भावोजींशी दोन शब्द बोलला आणि पुढं निघून गेला. वहिनींची नजर पाण्याच्या काट्यावर. निम्म्या घाटात काटा लाल रेघेला टेकला. थांबले. झाकणातून वाफ फुसफुसली. अर्धा तास इंजिन मंद चालू ठेवलं, एक डबा पाणी ओतलं, पुन्हा निघाले. आणि खरं सांगायचं तर बुटकी चढली. शेवटच्या वळणानंतर सपाटी आली तेव्हा भावोजींनी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले.

"चढली ना? सांगा, चढली ना? ती पण स्क्रू न सोडता! स्क्रू सोडला तर पूर्ण माल घेऊन चढेल!"

"चढली," वहिनी म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता. बुटकीच्या गरम बॉनेटवर त्यांनी हात ठेवला. भावोजींचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. इथंच थांबावं, खडी ओतावी आणि घरी जाऊन पेढे खावेत, असं कुणालाही वाटलं असतं.

"आता भरलेलाच खाली घ्या," त्या म्हणाल्या.

"खाली? माल वर आणायचाय. उतरताना गाडी रिकामीच असणार."

"नेहमी असेल? वरून लाकूड मिळालं तर नाही म्हणाल? तुम्ही? रिकामी गाडी परत नेताना तुमचा जीव तुटतो."

भावोजींनी ट्रक वळवायला घेतला. मुद्दा खरा होता.

उताराला दुसरा गिअर टाकला. मोठ्या ट्रकमध्ये मोठं इंजिन असतं तेव्हा पाय काढला की तेच इंजिन गाडीला मागं खेचून धरतं, वजनाला लगाम घालतं. बुटकी धरेना. तिचा आवाज मात्र चढत गेला, घशातून किंचाळल्यासारखा. भावोजींनी पहिला टाकून पाहिला, गिअरच्या दातऱ्यांनी घेतला नाही. मग ब्रेक. सोडला की ट्रक पुढं झेपावे, पुन्हा ब्रेक. दोन वळणं गेली. वहिनींनी हवेच्या काट्याकडं बोट केलं. तो खाली खाली येत होता. एवढ्या ब्रेकना लागेल तेवढी हवा भरणं त्या छोट्या पंपाच्या आवाक्यात नव्हतं. तिसऱ्या वळणाला रबर जळल्याचा वास आला. आरशात मागच्या चाकातून निळसर धूर दिसला.

"भावोजी, त्या रुंद जागेत घ्या. आत्ताच."

त्यांनी ट्रक डोंगराच्या बाजूला घातला. हातब्रेक ओढला. ट्रक थांबला, हातभर पुढं सरकला आणि पुन्हा थांबला. वहिनींनी उडी मारली आणि पिशवीतले ठोकळे चाकांखाली ठोकले. मग पदरानं तोंड पुसलं तर पदर काळा झाला.

दोघं रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसले. ब्रेक निवायला वेळ लागणार होता. खाली दरीत गाव खेळण्यातल्यासारखं दिसत होतं. भावोजींनी मागं वळून ट्रकमधल्या खडीकडं पाहिलं. मग ते म्हणाले, "अर्धाच माल होता."

"हो."

"पूर्ण असता तर..."

"तुमची लेक चार वर्षांची आहे," वहिनी म्हणाल्या. पुढचं बोलायची गरज नव्हती. मग हळू आवाजात म्हणाल्या, "स्क्रूनं चढ सोपा झाला असता, भावोजी. उतार नाही. डिझेल कितीही पाजलं तरी बुटकीचं अंग वाढत नाही. ती वाईट नाहीये. तिला चुकीच्या घरी दिलंय."

भावोजींनी नाक ओढलं. "अकरा वर्षं कधी नाही म्हणाली नाही हो ती."

"आजही म्हणाली नाही. म्हणूनच तिच्या वतीनं आपण म्हणायचं."

ट्रक संध्याकाळी खाली आला. वाटेत तीनदा थांबून, अर्धी खडी कडेला ओतून, माणसाच्या चालीनं. घरी कुणी काही विचारलं नाही, कारण दोघांची तोंडं बघूनच कळत होतं. भावोजी पुढचे दोन महिने वहिनींशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. हरण्याचा राग माणसावर काढता येत नसला की तो असाच इकडंतिकडं सांडतो. वहिनींना वाईट वाटलं, पण त्यांनी ते धरून ठेवलं नाही. मोठ्या ट्रकचा सांगाडा दुसऱ्या एकानं घेतला. त्याच्याकडे सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि ते त्यात शोभून दिसलं. बुटकी लाकडाच्या वखारीत गेली, करवत फिरवायला. तिथं ना चढ ना उतार. एकाच वेगानं, एकाच वजनावर चालायचं. त्या कामाला ती अशी रमली की वखारवाला म्हणायचा, "आमच्याकडे कामगार आजारी पडतात, ही नाही." भावोजी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले आणि पुढं दोन वर्षांनी स्वतःचा, नीट इंजिन असलेला ट्रक घेऊन उभे राहिले.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी वहिनी खोलीत गेल्या तेव्हा दादा आधीच येऊन बसले होते. त्यांनी खिशातून सील दाबायचा चिमटा काढून सुनेपुढं ठेवला. त्याच्या जबड्यावरचा अर्धा चंद्र कानशीनं घासून टाकलेला. जागा गुळगुळीत झाली होती.

"हे काय, दादा?"

"तुझी खूण काढून घे. माझ्या नावावर किती दिवस चालवशील?"

"त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला असतात तर एवढं झालं नसतं."

"बोललो असतो तर त्यानं माझं ऐकलं असतं," दादा म्हणाले. "तुझं कधीच ऐकलं नसतं. आणि मी किती दिवस आहे?"

वहिनींनी त्या दिवशी लोहाराकडून चिमट्यावर एक साधा ठिपका कोरून घेतला. काय काढावं ते सुचलं नाही, आणि ठिपका चुकायची भीती नव्हती.

दादा त्यानंतर चार वर्षं होते. शेवटच्या वर्षी ते खोलीत येऊ शकत नव्हते, तेव्हा वहिनी संध्याकाळी घरी जाऊन दिवसभरात कुठला पंप आला, कुठल्या नळीत किती चढलं ते सांगत. ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच म्हणत, "तिसरी नळी पुन्हा बघ." बहुतेक वेळा तिसऱ्याच नळीत खोट निघायची. कसं कळत होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि वहिनींनाही शेवटपर्यंत उमगलं नाही.

पुढं संगणकावर चालणारी इंजिनं आली. पंप बंद डब्यात गेले आणि पान्याऐवजी वायर लावायची वेळ आली. खोलीत दिवसाला दहा पंप यायचे तिथं आठवड्याला एक यायला लागला. शेवटी वहिनींनी भिंतीवरचं यंत्र तांत्रिक शाळेला देऊन टाकलं. ते टेम्पोत चढवताना त्यांनी काचेच्या नळ्या एकेक करून जुन्या साडीत गुंडाळल्या. एकही फुटली नाही.

भावोजींनी साठी ओलांडल्यावर गाडी सोडली आणि एका मालवाहतूक कंपनीत नव्या ड्रायव्हरांना शिकवायला लागले. घाट उतरण्याचा धडा आला की ते आपलीच गोष्ट सांगत. दर वर्षी त्या गोष्टीत खडी वाढत गेली, धूर दाट झाला, दरी खोल झाली. एकदा वहिनी काही कामासाठी तिथं गेल्या आणि मागच्या बाकावर बसून त्यांनी ती ऐकली. त्या गोष्टीत आता ट्रक पूर्ण भरलेला होता आणि वहिनींनी चालत्या केबिनमधून उडी मारली होती. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. वहिनींनी काही दुरुस्त केलं नाही. वर्ग सुटल्यावर भावोजी जवळ आले, थोडे ओशाळलेले.

"थोडं जास्त झालं का हो, वहिनी?"

"नाही," त्या म्हणाल्या. "चांगली झालीय. पण त्यांना एक सांगा, मी तेव्हा घाबरले होते. ते तुम्ही गाळता."